सुमे, त्या शालीचं काय लिहू?

प्रिय सुमे,

हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. तू मध्येच "अगं पण" म्हणून तोडलं असतंस आणि आपण पुन्हा तुमच्या गावच्या शिमग्यात जाऊन पोचलो असतो. म्हणून लिहितेय. तब्येत बरी आहे. गुडघा कुरकुरतो, बाकी काही नाही.

गेल्या आठवड्यात अलास्काहून त्लिंगिट मंडळी, म्हणजे तिथले मूळ रहिवासी, आली होती. चिल्कॅट नदीकडचं एक कुळ, त्यात एक आजी. त्यांच्या कुळाची शाल आमच्या संग्रहालयाच्या गोदामात शंभरावर वर्षं आहे आणि आता मूळ रहिवाशांच्या वस्तू परत करायच्या १९९०च्या अमेरिकी कायद्यानं ती परत जायची आहे. कागदपत्रं झाली, सह्या झाल्या. राहिला माझा तपासणीचा अहवाल, आणि तिथंच माझी झोप उडालीय.

ते पिस्तुलासारखं एक्सआरएफ यंत्र, क्ष-किरणांनी कशात कोणती मूलद्रव्यं आहेत ते सांगणारं, घेऊन शाल इंच इंच तपासली. निळसर हिरव्या पट्ट्यात तांबं दिसलं, तेव्हा किती बरं वाटलं! तो जुना रंगच तांब्याचा असायचा. पण त्याच्या शेजारी आर्सेनिक. खांद्यावर आर्सेनिक, मध्ये आर्सेनिक, झालरीत आर्सेनिक आणि वर पारा. कसर लागू नये म्हणून लोकर, कातडं, पिसं यांना सरसकट विष लावायचे ना, तेच. केव्हा लावलं, किती लावलं, नोंद नाही. (हो, आर्सेनिकच. परीक्षेत तू त्याचं चिन्ह "एएस"ऐवजी "एआर" लिहून आली होतीस आणि सरांनी वर्गात विचारलं होतं की या लोकरीत आर्गॉन कुणी भरला!)

शाल तू बघायला हवी होतीस. डोंगरी बकऱ्याची लोकर, आणि ताण्याच्या धाग्यात पिवळ्या सीडरची साल. दोन्ही मांडीवर वळून एक केलेलं. माग म्हणजे वरची नुसती आडवी काठी, ताणा खाली मोकळा लोंबतो. धोटा नाही, फणी नाही, सगळं बोटांनी. काळा, पिवळा, निळसर हिरवा आणि लोकरीचा आपला पांढरा. पिवळा कशाचा, तर दगडफुलाच्या जातीच्या एका लायकेनचा. नक्षी पुरुषांनी फळीवर रंगवायची, तीही अर्धीच, कारण दुसरी बाजू तिचं प्रतिबिंब. विणायचं बायकांनी. आणि त्या उभ्याआडव्या धाग्यांत नक्षीतल्या डोळ्याचा पुरा गोल आणतात, सुमे! कडेनं बारीक वेणी फिरवून वळण इतकं सफाईनं घेतात की भिंग लावलं तरी पायरी सापडत नाही. एक शाल व्हायला वर्ष जातं. हिच्या मानेकडचा भाग तेलकट होऊन दबलाय, आणि डाव्या कडेला कुणीतरी दुसऱ्याच हातानं दुरुस्ती केलीय, पीळ सैल आहे. म्हणजे ही भरपूर नाचलेली शाल आहे.

आजी आल्या, टेबलापाशी उभ्या राहिल्या आणि शालीशी बोलायला लागल्या. त्यांच्या भाषेत, बराच वेळ. खोलीत आम्ही कुणी हललो नाही. मग मी हातमोजे पुढे केले. सुमे, घरच्या माणसाला भेटायला आलेल्या बाईला मी रबरी हातमोजे दिले! त्यांनी ते घातले, झालर हातात घेतली आणि मला विचारलं, "हिला नाचवता येईल ना?"

मी म्हटलं, अहवाल पूर्ण झाला की सगळं सांगते.

आता माझा प्रश्न ऐक. त्यांच्यात माणूस गेला की रडणारं कुळ एका बाजूला आणि अंत्यविधीची कामं करणारे सोयरे दुसऱ्या बाजूला. सगळा समाजच दोन अंगांत विभागलेला, डोमकावळा आणि गरुड, लग्न नेहमी समोरच्या अंगात. पुढे, साधारण वर्षानं, मोठा समारंभ करतात, कुईख म्हणतात त्याला. तेव्हा सोयऱ्यांची परतफेड होते आणि कुळाच्या वस्तू बाहेर निघतात. त्या अंगावर घेऊन, त्यांच्या साक्षीनं बोलून दुःख उतरवायचं. काचेआडची शाल ते काम करू शकत नाही. पण घामेजलेल्या मानेवर आर्सेनिक? झालर तोंडाशी नेणारी लहान पोरं? व्हॅक्यूमनं वरची धूळ निघेल, धाग्यात मुरलेलं निघणार नाही. धुवायची तर रंग आणि साल दोन्हींची भीती.

आमच्या वरिष्ठांचं म्हणणं, "परिधान करू नये" अशी अट घालूनच द्या. मला ते अजिबात पटत नाही. अट घालून दिलेली वस्तू परत दिली असं कसं म्हणायचं? मला वाटतं, कुठं किती विष आहे त्याचा नकाशा काढून, धोका साध्या शब्दांत लिहून त्यांच्या हातात द्यावा. निर्णय त्यांचा. पण आजी ती अंगावर घेणार हे मला दिसतंय, आणि भीती वाटते.

आता तू म्हणशील, पालखी! म्हण. देवाची रुपं वर्षभर पेटीत आणि शिमग्यात खांद्यावर, झिजली तर झिजली, नाचवली नाही तर देव कसला, हे तुझं भाषण मला पाठ आहे. मी तेव्हाही म्हणाले होते आणि आजही म्हणते, की त्या नाकडोळे गेलेल्या मुखवट्याची आधी नीट नोंद करायला हवी होती. त्यावरून तू माझ्याशी बोलणं टाकलंस आणि मेसमध्ये निशीमार्फत मीठ मागायचीस! पण तुमच्या पालखीला विष कुणी लावलं नव्हतं. ही शाल जपण्याच्या नावाखाली नासवली, आणि नासवणारे आपल्याच धंद्यातले. हे मी इथं कुणाला बोलून दाखवू?

वाट निघतेच म्हणा. अलास्कातल्या अँगून गावच्या दक्लावेदी या त्लिंगिट कुळाची किलर व्हेल माशाच्या रूपाची टोपी १९०४मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे गेली होती, ती २००५च्या जानेवारीत परतली. कुळाचे प्रमुख मार्क जेकब्स तेव्हा शेवटच्या आजारात होते, टोपी त्यांच्यापर्यंत पोचली आणि थोड्याच दिवसांत ते गेले. मग कुळाच्या परवानगीनं स्कॅन करून संग्रहालयानं स्वतःसाठी नक्कल करून घेतली. खरी घरी, नक्कल संग्रहालयात. असं उलटं व्हायला हवं.

त्याच अँगूनवर २६ ऑक्टोबर १८८२ रोजी अमेरिकी नौदलानं तोफा डागल्या. घरं, होड्या, हिवाळ्याची बेगमी, सगळं गेलं. एक होडी तेवढी वाचली, तिच्यावर त्यांनी तो हिवाळा काढला. तिच्या नाळेवरचा, म्हणजे पुढच्या टोकावरचा, लाकडात कोरलेला बीव्हर प्राणी १९९९मध्ये न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाच्या गोदामात पाहुण्या ज्येष्ठांना दिसला आणि ओळखू आला. तो परत गेला. नौदलाची माफी यायला मात्र २०२४चा ऑक्टोबर उजाडला. हे वाचल्यापासून गोदामातलं प्रत्येक कपाट उघडताना छातीत धस्स होतं.

निघताना आजींच्या मुलाच्या मुलीनं फोनवर स्वतःचं विणकाम दाखवलं. जेनी थ्लुनॉट या नावाजलेल्या चिल्कॅट विणकर बाईंनी नव्वदी ओलांडल्यावर, १९८५मध्ये, अलास्कातल्या हेन्सला शिकवणीवर्ग घेतला होता, त्या परंपरेतली विद्या. कुळ आईकडून येतं, त्यामुळे ही नात समोरच्या अंगाची. आणि कुळाची वस्तू समोरच्या अंगाकडूनच करून घ्यायची, सगळ्यांदेखत मोबदला देऊन. म्हणजे नाचवायला नवी शाल हिनं विणली तर रीतही बसते. मी आशेनं आजींकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "नवी विणू. पण ती पहिल्यांदा बाहेर काढू तेव्हा जुनी कुणाच्या तरी खांद्यावर हवी."

आता सांग, अहवालात काय लिहू? अस्तर लावून, सुती अंगरख्यावर, थोडा वेळ, असं सुचवू? की असं सुचवणं म्हणजे परवानगीच झाली? तू कोकणातल्या मानकऱ्यांना समजावलेलं आहेस, त्यांच्या शिव्याही खाल्ल्यात. अहवाल महिनाअखेर द्यायचाय, त्याआधी लिही. फोन नको, लिहीच.

दादांच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं ना? मनूला बारावीला किती मिळाले ते निशीकडून कळलं, तुझ्याकडून नाही, याचा राग वेगळा. नव्या घराचे फोटो पाठव. स्वयंपाकघर पूर्वेला घेतलंस की आईंनी पुन्हा जिंकलं?

तुझी,
वसू