मागच्या तारखेचा कर

महोदय,

मी मूळचा साताऱ्याचा, सध्या इंग्लंडात स्लाऊला राहणारा कंत्राटी प्रोग्रॅमर. २००१ पासून सल्लागाराच्या सांगण्यावरून माझी कमाई ‘आइल ऑफ मॅन’ या वेगळे करकायदे असलेल्या बेटावरच्या भागीदारीतून घेतली, म्हणजे तिच्यावर ब्रिटनचा कर लागू नये. दरवर्षी विवरणपत्रात तसं स्वच्छ लिहिलंही. ब्रिटनच्या २००८ च्या वित्त कायद्यातल्या कलम ५८ ने मात्र परदेशी भागीदारीतल्या वाट्यावरही इथल्या रहिवाशाला कर लावणारा १९८७ चा नियम ‘पहिल्यापासून असाच होता’ असं ठरवून टाकलं. म्हणजे सात वर्षांचा कर, वर व्याज! पळवाट होती, कबूल. बुजवा की, पण मागच्या तारखेने? जानेवारी २०१० मध्ये हायकोर्टात आम्ही हरलो; जुलै २०११ मध्ये अपील कोर्टातही. दारात करखात्याचं खाकी पाकीट पडलं की बायको ते न फोडताच फ्रिजवर ठेवते. चार साठलीत.

— एक वाचक, स्लाऊ