खातं बंद करा म्हटल्यावर बोनस टाकणाऱ्या तुमच्या ऑनलाइन बेटिंग कंपनीविरुद्ध तक्रार

प्रति,
व्यवस्थापन
(कंपनीचं नोंदणीकृत नाव आणि पत्ता तुमच्या साइटवर कुठेही दिलेला नाही, म्हणून एवढंच लिहिते.)

विषय : खातं कायमचं बंद करणं, अडवलेली शिल्लक परत करणं आणि ओळखपत्रांच्या प्रती नष्ट करणं.

तुमच्या 'व्हीआयपी मॅनेजर'चा फोन आत्ताच ठेवला. हे पत्र मी धाकट्या भावाच्या वतीनं आणि त्याच्या संमतीनं लिहितेय. तुमची साइट कशी चालते हे तुम्हाला सांगायची गरज नाही, तेव्हा थेट बोलते.

भावानं तुम्हाला लेखी कळवलं होतं : बेटिंग माझ्या हाताबाहेर गेलंय, खातं कायमचं बंद करा, शिल्लक माझ्या बँक खात्यात पाठवा. हे लिहायला त्याला किती बळ एकवटावं लागलं ते मी पाहिलंय. त्याच्या या ईमेलला तुमचं उत्तर आलंच नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या खात्यात न मागता बोनस जमा झाला आणि फोनवर 'फ्री बेट'चे मेसेज सुरू झाले.

आजचं संभाषण जसं झालं तसं लिहिते, कारण तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये ते असेलच.

मी विचारलं, "खातं बंद करण्याची विनंती मिळाली का?"
"हो मॅडम, सिस्टिममध्ये दिसतेय."
"मग बंद का केलं नाही?"
"शिल्लक असताना बंद होत नाही."
"मग शिल्लक द्या."
"बोनस ॲक्टिव्ह आहे. तीसपट उलाढाल, म्हणजे तेवढ्या रकमेच्या बेट, झाल्याशिवाय पैसे काढता येत नाहीत."
"बोनस त्यानं मागितला नव्हता. तुम्हीच टाकलात."
"तो ऑटोमॅटिक क्रेडिट होतो, मॅडम."

मी आवाज चढवला नाही. त्याला रात्र-रात्र झोप लागत नाही, त्यावर उपचार सुरू आहेत, हेही सांगितलं. त्यावर तुमचा माणूस म्हणाला, "आज रात्री मोठी मॅच आहे. त्यांना थोडं डिपॉझिट करायला सांगा, मी स्पेशल ऑड्स लावून देतो. उलाढाल आजच पूर्ण होईल."

जुगार सुटावा म्हणून उपचार घेणाऱ्या माणसाच्या बहिणीला तुम्ही हे सांगितलंत. ते ऐकून माझे हात थरथरत होते, आणि हे लिहितानाही थरथरतायत.

परवानाधारक कंपनीला असं वागता येत नाही. ब्रिटनमध्ये ग्राहकानं स्वतःला जुगारापासून दूर ठेवायची विनंती केली, की कंपनीला खातं बंद करावं लागतं, शिल्लक परत द्यावी लागते आणि जाहिरातींच्या यादीतून नाव काढावं लागतं. तिथे 'गॅमस्टॉप' नावाची नोंदणी आहे. त्यात एकदा नाव घातलं, की तिथल्या सगळ्या परवानाधारक ऑनलाइन कंपन्यांची दारं बंद होतात. 31 मार्च 2020 पासून त्या सगळ्यांना तिच्याशी जोडून घेणं सक्तीचं आहे. तुमच्यासारख्या साइट मात्र 'आमच्याकडे गॅमस्टॉप लागू नाही' अशी जाहिरात करतात. सुटू पाहणाऱ्या माणसालाच हेरून परत ओढणारा धंदा आहे हा.

कागदपत्रांचंही तेच. पैसे भरताना तुम्ही नावसुद्धा विचारलं नाहीत. काढायची वेळ आली तेव्हा पासपोर्ट, हातात कागद धरून सेल्फी, बँकेचं स्टेटमेंट, मग 'फोटो अस्पष्ट आहे' म्हणून पुन्हा तेच सगळं. ब्रिटनच्या जुगार नियामकानं मे 2019 पासूनच सक्तीचं केलं, की ओळख आणि वय खेळण्याआधी तपासायचं, आणि आधी मागता आली असती अशी माहिती पैसे देताना अट म्हणून पुढे करायची नाही. तुम्ही नेमकं उलट केलंत. वर 'प्रोसेसिंग टॅक्स' आगाऊ भरा म्हणालात. द्यायचा कर शिल्लकेतून का कापत नाही, याचं उत्तर तुमच्यापैकी एकानंही दिलं नाही.

साइटच्या तळाशी कुरसाव या कॅरिबियन बेटाचा जुगार परवाना लावलाय. ते नुसतं चित्र आहे, दाबून काही उघडत नाही. खाली छापलेला क्रमांक जुन्या उपपरवान्यांच्या पद्धतीचा आहे, जेव्हा मूळ परवाना असलेल्या खासगी कंपन्या तो पुढे इतरांना द्यायच्या. तिथला नवा कायदा 24 डिसेंबर 2024 ला लागू झाला, आता परवाना नियामक स्वतः देतो. मी त्याच्या यादीत शोधलं, तुमचा डोमेन सापडला नाही. आणि डोमेन तरी कोणता? एक बंद पडला की शेवटी एखादा आकडा बदलून दुसरा उघडतो.

पैसेही दर वेळी वेगळ्या खात्यात मागवलेत. कधी अनोळखी माणसाच्या नावावर, कधी कार्डच्या स्टेटमेंटवर भलत्याच दुकानाचं नाव, आणि शेवटी क्रिप्टो वॉलेट, कारण तिथून गेलेला व्यवहार बँक मागे फिरवू शकत नाही. वाद झालाच तर परवानाधारक कंपनीचा ग्राहक त्रयस्थ लवादाकडे जाऊ शकतो. आम्हाला तुम्ही चॅटची खिडकी दिलीत, आणि परवाना क्रमांक विचारल्यावर तीही बंद केलीत.

पुन्हा सांगते, त्यानं खातं बंद करायला सांगितलं होतं आणि तुम्ही बोनस टाकलात.

आता माझ्या मागण्या. खातं आजच बंद करा. बोनस काढून टाका आणि त्यानं स्वतः भरलेली शिल्लक पूर्ण परत पाठवा. पासपोर्ट आणि सेल्फीच्या प्रती नष्ट केल्याचं लेखी द्या. त्याच्या नंबरवर पुन्हा एकही फोन वा मेसेज येता कामा नये.

तुमच्या उत्तराची वाट पाहत मी थांबलेली नाही. कार्डवरच्या व्यवहारांवर बँकेकडे हरकत नोंदवली आहे, पासपोर्टचा गैरवापर होऊ शकतो हे कळवलं आहे. ज्यांच्या नावावर पैसे मागवलेत ती सगळी खाती, वॉलेटचे पत्ते आणि चॅटचे स्क्रीनशॉट सायबर पोलिसांकडे दिले आहेत. ज्या नियामकाचं चिन्ह तुम्ही वापरता, त्यालाही हेच पत्र पाठवतेय.

यापुढे जे काही कळवायचं ते मला, आणि लेखी कळवा. माझ्या भावाला फोन करू नका.

एका ग्राहकाची मोठी बहीण