गिरगावातील अनाम साहाय्यकर्त्यांचे जाहीर आभार

आरे ते कफ परेड ही सुमारे ३३.५ किलोमीटरची भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५मध्ये संपूर्ण मार्गावर सुरू झाली. तिचे काम चालू असताना जगन्नाथ शंकरशेठ रस्त्यालगतच्या चाळीत राहणाऱ्या आमच्या कुटुंबाला ज्यांनी आधार दिला, त्यांची नावे आम्हांला ठाऊक नाहीत. म्हणून हे जाहीर आभार.

एका मध्यरात्री आईला धाप लागली आणि रुग्णवाहिका पत्र्यांच्या कुंपणापलीकडेच अडकली. तेव्हा रात्रपाळीच्या कामगारांनी क्षणाचाही विलंब न लावता दोन पत्रे बाजूला केले, चिखलावर फळ्या टाकल्या आणि तिला खुर्चीसकट उचलून गाडीपर्यंत नेले. घरदार दूर मुलखी ठेवून आलेली ती मुले तिला ‘माँजी’ म्हणून धीर देत होती. भिंतींवरील भेगा मोजायला येणारे तरुण अभियंते आकडे नुसते टिपून न जाता आम्हांला ते समजावून सांगत, याचे मोल मला विशेष वाटते, कारण हादऱ्यांनी भांडी खणखणू लागली की चाळीतील वृद्धांची झोपच उडत असे. शिट्टीवाल्या काकांनी शाळकरी मुलांना रोज रस्ता ओलांडून दिला.

या सर्वांचे आम्ही अंतःकरणपूर्वक ऋणी आहोत. आई आता बरी आहे. त्यांच्यापैकी कोणी हे वाचल्यास घरी अवश्य यावे.