माकडटोपीवाल्या काकांना

ती. काकांना,
सा. नमस्कार.

तुम्ही पुण्याला पोचून दोन महिने झाले आणि हे पत्र मी आज लिहितोय. फोनवर तीनदा आभार मानायला गेलो, तिन्ही वेळा तुम्ही "बरं, थंडी किती आहे तिकडे?" विचारून विषय बदललात. म्हणून आता चारचौघांत लिहितो. नाव घालू नकोस म्हणालात, घातलेलं नाही.

इतरांसाठी थोडक्यात सांगतो. मी मिनेसोटात राहतो, गाडी बर्फात उभी करतो आणि गॅरेजमध्ये लाकडी विमान बांधतो. पीटनपोल एअर कँपर. याच राज्यातल्या चेरी ग्रोव्ह गावात बर्नार्ड पीटनपोल यांनी हे विमान फोर्डच्या मोटारीचं इंजिन बसवून उडवलं होतं. १९३२ मध्ये त्याचे नकाशे छापून आले, आणि त्यांवरून लोक अजूनही ते घरी बांधतात. स्प्रूसच्या लाकडाच्या पट्ट्या, वर प्लायवूडचे छोटे तुकडे आणि ते धरून ठेवणारं इपॉक्सी, म्हणजे रेझिन आणि हार्डनर असे दोन भाग कालवून होणारा गोंद. नातेवाइकांना सांगितलं की कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या अमोल यादवांचं नाव हमखास निघतं, आणि मागोमाग "ते निदान पायलट आहेत" हेही.

ऑक्टोबरपर्यंत माझ्या विमानाच्या पंखाच्या १६ बरगड्या, म्हणजे पंखाला आकार देणारे लाकडी सांगाडे, तयार होत्या. दिसायला देखण्या. पण सांध्यांबाहेर आलेलं इपॉक्सी आठवडा उलटला तरी नखाला थोडं मऊ लागायचं, आणि ते मनात टोचत होतं. जिथून सामान घेतलं तिथे फोन केला. पलीकडचा माणूस म्हणाला, "थंडी आहे ना, हार्डनर थोडं जास्त टाकत जा." नंतर एक अनुभवी गृहस्थ येऊन गेले, स्वतः दोन विमानं बांधलेले. एका बरगडीवर टिचकी मारली, शिरा खाल्ला, "लुक्स गुड" म्हणाले, दहा मिनिटांत गेले. शिरा चांगला झाला होता, तेवढं मात्र त्यांनी नीट तपासलं.

तुम्ही आलात ते खरं तर चहाला. मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले, त्याचं दोन मापं मोठं जॅकेट घातलेलं, डोक्यावर माकडटोपी. तरुणपणी लाकडी ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाची विमानं, दुरुस्त करायचात, हडपसरच्या धावपट्टीवर आपल्याकडेच बांधलेलं 'रोहिणी' ग्लायडर हाताळलंय, हे मला तोपर्यंत ठाऊकही नव्हतं. बरगडी उजेडात धरून तुम्ही एकच प्रश्न विचारलात.

"मापाने की वजनाने?"

मी अभिमानाने तराजू दाखवला. एक दशांश ग्रॅमपर्यंत मोजणारा. बाटलीवर समान भाग लिहिलंय, म्हणून दोन्ही अगदी समान वजनाचे घेतो. तुम्ही चष्मा पुसलात, सोबतचा कागद मागितलात आणि त्यातल्या ओळीवर बोट ठेवलंत. टी-८८ चे, म्हणजे माझ्या इपॉक्सीचे, दोन भाग समान घ्यायचे ते आकारमानाने. वजनाने घ्यायचे तर १०० भाग रेझिनला ८३ भाग हार्डनर.

"पायलीने मोजायचं ते तू तराजूने मोजलंस," एवढंच म्हणालात.

त्यात दुकानदाराच्या सल्ल्याने मी वर आणखी हार्डनर ओतत होतो! इपॉक्सीत हार्डनर म्हणजे दुधाला लावायचं विरजण नाही, की थंडी आहे तर चमचाभर जास्त. तो जोडीतला दुसरा भिडू आहे, रेझिनशी हिशोबाने जुळतो, आणि जास्त झाला तर उरलेला तसाच आत बसून सांधा कच्चा ठेवतो. हे मला तुमच्याकडून कळलं. ज्यांनी पैसे घेतले त्यांच्याकडून नाही.

मग तुम्ही पटाशीचं टोक प्लायवूडच्या त्रिकोणाखाली घातलंत आणि हलकेच उचललंत. टक्. अख्खा त्रिकोण निघून आला. खालची बाजू काचेसारखी गुळगुळीत, लाकडाचा एक तंतूही सोबत आला नव्हता. म्हणजे सांध्याने लाकूड धरलंच नव्हतं.

नेमकी त्याच वेळी मुलगी चहा घेऊन आली. सातवीत आहे. बाबा विमान बांधतात हे तिने वर्गात सांगितलंय, बरगड्यांचे फोटोही दाखवलेत. माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. तुम्ही तो त्रिकोण त्या ढगळ जॅकेटच्या खिशात सरकवलात, बरगडीची उघडी पडलेली बाजू खाली करून टेबलावर ठेवलीत आणि तिच्या हातातला कप घेतलात.

"झालं का तपासून, आजोबा?"

"तपासतोय, बाळ. बारीक काम आहे, वेळ लागेल."

खोटं एक अक्षर बोलला नाहीत. ती गेल्यावरही त्या तुकड्याबद्दल लगेच काही बोलला नाहीत. चहा संपवलात, वड्या कोणी केल्या विचारलंत, आणि मला श्वास घ्यायला पाच मिनिटं दिलीत. काका, त्या विमानाचं जे काय व्हायचं ते होईल, पण तुमचा तो खिशात गेलेला हात मी विसरणार नाही. माझी चूक माझ्या लेकीला मीच सांगावी, हवी तेव्हा, हवी तशी, एवढी जागा तुम्ही माझ्यासाठी राखलीत. रात्री जेवताना मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "मग परत करा." मुलांना हे सोपं असतं.

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. १६ च्या १६ बरगड्या तुम्ही मला करवतीने कापायला लावल्यात. कोपऱ्यात ठेवल्यास तर एखाद्या कंटाळलेल्या रविवारी मोह होईल, म्हणालात. मी कापत होतो तेव्हा तुम्ही घरी गेला नाहीत, स्टुलावर बसून १९४४ मधल्या मॉस्किटो या ब्रिटिशांच्या लाकडी लढाऊ विमानांची गोष्ट सांगितलीत. भारतात असताना त्यांचे लाकडी पंख हवेत निखळले आणि सगळी जमिनीवर ठेवावी लागली. युद्धात अख्खे कारखाने आणि तपासनीस पाठीशी असताना जे घडलं, ते एका माणसाच्या गॅरेजमध्ये सहज घडू शकतं. सांधा एकदा बंद झाला की आत काय आहे ते पुन्हा कुणाला दिसत नाही, सरकारी निरीक्षकालाही नाही.

त्यानंतर सहा आठवडे तुम्ही दर शनिवारी येत राहिलात. आधी बाटल्या कोमट पाण्यात ठेवायच्या. ढवळताना कपाच्या कडा आणि तळ खरवडायचा, "बेसन कालवताना कोरडं पीठ कुठे लपतं? तिथेच." मग ते मिश्रण दुसऱ्या स्वच्छ कपात ओतून पुन्हा ढवळायचं, आणि खोल कपात न ठेवता ताटलीत पसरायचं, नाहीतर आपल्याच उष्णतेने तापून हातात घट्ट होतं. मी पॉलिशपेपरने घासून पट्ट्या आरशासारख्या करायचो, ते बंद केलंत. रंध्याने ताजं केलेलं लाकूड इपॉक्सी धरतं. क्लॅम्प करकचून आवळताना मला एकदाच ओरडलात: "सगळं पिळून बाहेर काढलंस, आत काय ठेवलंस?" आणि मी हातमोजे काढले की तुमच्या भुवया वर जायच्या. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की जात नाही, हे मी ऐकलं होतं, पण ऐकलेलं आणि भुवयांनी सांगितलेलं यांत फरक असतो.

तुमच्या वेळी इपॉक्सी नव्हतं. लाकडाच्या एका बाजूला सरस आणि दुसऱ्या बाजूला आम्लाचं पाणी लावून जोड बसवायचात. कागदावरचं इंग्रजी वाचायला तुम्हाला भिंग लागत होतं. तरीही कागद वाचलात तो तुम्हीच. आमच्यासारखे शिकलेले लोक डबा उघडायच्या घाईत असतात, आणि सल्ला देणारे फोन ठेवायच्या. चूक दाखवणाऱ्यांचा तर इकडे तुटवडाच नाही, मीही त्यातलाच. दुसऱ्याची चूक खिशात घालून मग त्याच्याबरोबर थंड फरशीवर गुडघे टेकणारा माणूस मी तरी क्वचित पाहिलाय. शिकवल्याचा आव नाही, "मी सांगितलं होतं" नाही, ग्लायडरचे किस्सेसुद्धा मागितल्याशिवाय नाहीत.

आज ११ बरगड्या झाल्यात. दर वेळच्या मिश्रणाबरोबर एक फालतू सांधा जोडून ठेवतो, त्यावर तारीख आणि तापमान लिहितो, आणि आठवड्याने तो मोडून बघतो. तारखा लेक घालते, माझं अक्षर तिला पसंत नाही.

पुढच्या महिन्यात इकडचा एक मित्र पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर पिशवी पाठवतोय. त्यात मेपल सिरप आहे, काकूंसाठी लोकरी मोजे आहेत आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक मोडका तुकडा आहे. भिंगाखाली धरून बघा: सांधा जागच्या जागी आहे, बाजूचं लाकूड फाटलंय. काकूंना आधीच सांगून ठेवा, नाहीतर त्या केरात टाकतील.

तुमचा,
गॅरेजवाला

ता. क. थंडी उणे २० आहे.