‘मी फोल्डाउन नोमोआ’

होनिआरा, सॉलोमन बेटं,
ता. 14 सप्टेंबर

प्रिय मंजू,

तुझा मेल येऊन तीन आठवडे झाले. तुझ्या वर्गातल्या त्या पोराच्या दप्तरात कोयता सापडला आणि तू विचारलंस, ‘तू तर रोज अशी पोरं शिवतेस, तुम्ही डॉक्टर लोक त्यांना विचारता तरी काय?’ उत्तर लांबलं, कारण खरं सांगायचं तर आधी माझी चूक कबूल करावी लागते.

इथल्या पिजिन भाषेत ‘मी’ला ‘मी’च म्हणतात. (इंग्रजीतून आलाय गं, आपल्याकडून नाही.) आल्या आल्या एक मुलगा म्हणाला, ‘मी फोल्डाउन नोमोआ’, म्हणजे ‘मी नुसता पडलो’. वाक्य कळलं म्हणून मला इतका आनंद झाला की ते खरं आहे का, हे बघायचंच राहिलं. पहिले सहा महिने रजिस्टरमध्ये ‘कारण’ या रकान्यात मी ‘पडला’, ‘पडला’ लिहीत गेले. इथे पोरं पडतातही बेसुमार. नारळावरून पडतात, ट्रकच्या हौद्यातून पडतात. संशय कुठे यायचा?

मग जुलैत एक आला. पंधराएक वर्षांचा, हाताला लावालावा गुंडाळलेला, म्हणजे इथली लुंगी. ‘मी फोल्डाउन.’ मंजू, जो पडतो त्याचे तळवे नि गुडघे सोलवटतात. याचे तळवे धुतल्यासारखे स्वच्छ. जखम होती डाव्या कोपराखाली करंगळीच्या बाजूला, सरळ रेघेत, खोल. डोकं वाचवायला हात वर धरून बघ, जी कड पुढे येते ना, तीच. मी टाके घालत होते आणि तो छताकडे बघत होता. हूं नाही की चूं नाही. त्या रात्री रजिस्टर उघडून मागची पानं चाळली. किती ‘पडलेल्यां’ची जखम त्याच कडेला होती, ते मोजायचं धाडस झालं नाही.

हत्याराचं म्हणशील, तर ते इथे लपवावंच लागत नाही. बुश नाइफ, आपल्या कोयत्यापेक्षा लांब आणि सरळ पात्याचा, घरटी असतोच. नारळ, खोबरं, रताळ्याचा मळा, सगळं त्याच्यावर. पोरगं तो हातात घेऊन रस्त्याने चाललं तर कोणी मान वळवून बघत नाही. तुमच्याकडे कोयता दिसला की त्याची बातमी होते आणि सगळे कोयत्याबद्दलच बोलतात. इथे राहून मला ते थोडं गैरलागू वाटायला लागलंय. तोच कोयता दहा घरांत असतो, एकाच घरातला उगारला जातो.

2011 साली इथल्या शाळांमधून जागतिक आरोग्य संघटनेचं विद्यार्थी आरोग्य सर्वेक्षण झालं होतं. पुष्कळ देशांत तीच प्रश्नावली वापरतात. आकड्यांपेक्षा मला प्रश्नांनी धरलं. गंभीर इजा म्हणजे काय, तर जिच्यामुळे एक पूर्ण दिवस नेहमीचं काही करता आलं नाही किंवा डॉक्टर-नर्सकडे जावं लागलं. इथवर ठीक. पण त्याच कागदावर पुढे विचारलंय: घरात पुरेसं अन्न नव्हतं म्हणून कितीदा उपाशी राहिलास? काळजीने झोप उडाली असं कितीदा झालं? एकटं वाटतं का? जवळचे मित्र किती? न सांगता शाळा बुडवलीस का? तुझ्या अडचणी आईवडिलांना कळतात का? पहिल्यांदा वाचताना वाटलं, याचा टाक्यांशी काय संबंध? पण अशा सर्वेक्षणांवर जे अभ्यास झालेत त्यांत मारामारीच्या मागे हीच रांग पुन्हा पुन्हा दिसते: दादागिरी सोसणं, एकटेपण, दारू, शाळा बुडवणं. आता यात आधी काय आणि नंतर काय, हे एकदाच विचारलेल्या प्रश्नांवरून ठरत नाही. एकटा पडला म्हणून भांडतो की भांडतो म्हणून एकटा पडतो? मला वाटतं, दोन्ही.

आणि ही प्रश्नावली शाळेच्या बाकावर बसलेल्यांनाच मिळते, हे आणखी एक. इथे वरच्या वर्गांत सगळ्यांना पुरतील इतक्या जागा नसतात. परीक्षेच्या चाळणीतून जी पोरं बाहेर पडतात त्यांना ‘पुशआउट’ म्हणतात. शब्द बघ, नापास नव्हे, ढकललेले. त्यातली कितीतरी लांबच्या बेटांवरून काका-मामाकडे राहून शिकायला आलेली असतात. परत जायला तोंड नाही, इथे काम नाही. दिवसभर भटकणाऱ्या अशा पोरांना इथे ‘मास्टा लिऊ’ म्हणतात, भटकण्यातले उस्ताद. मग संध्याकाळी क्वासो. साखर आणि यीस्टची हातभट्टी, पाण्यासारखी दिसणारी, जुन्या बाटल्यांतून विकली जाणारी. पगाराच्या शुक्रवारी मी रात्रपाळीला सुईदोरा आधीच मांडून ठेवते. ही पोरं कुठल्याच सर्वेक्षणात नसतात, माझ्या टेबलावर मात्र तीच.

तू म्हणशील, एवढीशी बेटं, सगळे एकमेकांचे वान्टोक, म्हणजे एका बोलीचे, नात्यातले. तिथे पोरगं एकटं कसं पडेल? मलाही तसंच वाटायचं. पण अगं, आपल्या गावात कसं, भांडण झालं की माणूस मुंबई गाठायचा. इथे ज्याने मारलं तोच रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकावर, तोच बोटीत शेजारी. तोंड लपवायला जागा नाही. आणि दोन पोरांचं भांडण दोघांचं राहत नाही, दोन वस्त्यांचं होतं. 1998 ते 2003 ग्वाडलकनाल आणि मलैता या दोन बेटांच्या लोकांमध्ये जी हिंसा झाली, ती या पोरांनी बघितलेली नाही. ज्यांनी बघितली त्यांच्या घरात मात्र ही पोरं वाढलीत. 2021 च्या नोव्हेंबरात दंगलीत इथलं चायनाटाउन जळलं, ते त्यांनी स्वतः पाहिलंय.

त्या मुलाचे टाके पुरते झालेही नव्हते तेव्हा बाहेर दोन्हीकडची मोठी माणसं भरपाईची बोलणी करत होती. मलैतात तिच्यात शिंपल्यांच्या मण्यांच्या माळाही देतात, दहा पदरी, लाल-पांढऱ्या, फार देखण्या. मी आधी वैतागले. नंतर कळलं, ही बोलणी झाली नसती तर उद्या आणखी तिघे आले असते. म्हणून त्या प्रथेला मी नावं ठेवत नाही. पण माळ मोठ्यांकडून मोठ्यांकडे गेली. ज्याचा हात कापला गेला त्याला कोणी एक शब्द विचारला नाही.

मुलींचं तर बोलायलाच नको. त्या येतात उशिरा, बरोबर एखादी बाई, आणि सगळी उत्तरं तीच देते. 2009 च्या पाहणीत इथल्या नवरा किंवा जोडीदार असलेल्या बायकांपैकी 64 टक्क्यांनी त्याच्याकडून मारहाण किंवा बळजबरी सोसल्याचं सांगितलं होतं. पोरी हे रोज घरात बघतात, पोरगेही बघतात. होनिआरात आता अशा बायका-मुलींसाठी ‘सेफ प्लेस’ नावाचं केंद्र आहे. तिथे पाठवायची चिठ्ठी खिशातच ठेवते, कारण टेबलावर लिहायला घेतली की बरोबरची बाई वाचते.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. ‘कोणी मारलं?’ हे मी आता विचारत नाही. त्याचं उत्तर खरं मिळालं तर भांडण वाढतं आणि खोटं मिळालं तर रकाना भरतो. मी विचारते, काल कुठे झोपलास? झोप लागली का? आज काय खाल्लंस? तू त्या पोराला कोयत्याबद्दल विचारलं असशीलच. हे विचारलंस का?

दहाव्या दिवशी तो टाके काढायला आला. टाके निघाले. मी विचारलं, झोपतोस कुठे? म्हणाला, दुकानाच्या ओट्यावर. काकाच्या घरी कालपरवा गावाहून आणखी सहा माणसं आलीत. मी म्हटलं, बाहेरच्या बाकावर पड थोडा वेळ, कोणी उठवणार नाही. चार तास झोपला, गाढ, तोंड उघडं टाकून, ओठ सुपारीने लाल. उठून निघून गेला, सांगितलंही नाही. रजिस्टरमध्ये त्याच्या नावापुढचं ‘पडला’ खोडून मी ‘मारहाण’ लिहिलंय, तारीख टाकून सही केलीये.

तुझ्या वर्गातल्या त्या मुलाचं शाळेने काय ठरवलं ते कळव. आणि जानेवारीत कोणी येणार असेल तर आमसुलं पाठव, इथे मासे मिळतात पण आंबट मिळत नाही.

तुझी,
वसू