सईला, पुण्याहून

प्रिय सई,

आजीचं गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं. काल वॉकर धरून बाल्कनीपर्यंत गेली आणि परत येताना फिजिओच्या मुलीलाच दम भरला, तेव्हा तिची काळजी नको. इथे सकाळी साडेअकराला तू व्हॉट्सॲपवर ऑनलाइन दिसतेस, म्हणजे तिकडे अमेरिकेत रात्रीचे दोन. झोपेबद्दल अवाक्षर काढायचं नाही असं ठरवून लिहायला बसले होते. असो.

विमानतळावर जाताना गाडीत झालेलं भांडण अर्धवट राहिलं. तू म्हणालीस, दहा कॉलेजांत अर्ज, प्रत्येकी प्रवेशाची शक्यता पाच टक्के, म्हणजे निदान एक मिळायची शक्यता चाळीस टक्के. आकडेमोड बरोबर आहे, ०.९५चा दहावा घात ०.६०च्या आसपास येतो. पण दहा नाणी वेगवेगळी उडवली तर हे खरं. इथे दहाही ठिकाणी जाणार ती जवळपास एकच फाइल: तेच मार्क, तीच शिफारसपत्रं, तोच ६५० शब्दांचा निबंध. एकाला जे खटकेल ते दुसऱ्यालाही खटकण्याचा संभव जास्त. शिवाय तो पाच टक्क्यांचा आकडा सरसकट सगळ्यांचा असतो, त्यात खेळासाठी घेतलेली मुलंही येतात. आणि तुला हवंय कॉम्प्युटर सायन्स. कार्नेगी मेलनचा एकूण आकडा बघून कॉम्प्युटर सायन्सचा अंदाज बांधू नकोस, तिथे फार कमी घेतात. इलिनॉयचंही तसंच. दुसऱ्या विषयाला आत शिरायचं आणि मग सीएसकडे वळायचं, हा ऋत्विजचा बेत होता. काकूला विचार काय झालं ते.

अंदाज बांधायचाच तर आधी शाळेची नॅव्हिअन्स ही वेबसाइट उघड. आपल्याच शाळेतून कुणाला घेतलं, कुणाला नाही, ते जीपीए (शाळेतल्या मार्कांची सरासरी) आणि एसएटी या प्रवेशचाचणीच्या आलेखावर ठिपक्यांनी दिसतं. ठिपके पाच-सहाच असतील तर त्यावर विसंबू नकोस. मग कॉलेजच्या नावापुढे 'कॉमन डेटा सेट', म्हणजे कॉलेजं स्वतःच देतात ती माहिती, असं टाकून शोध. त्यात सी७ तक्ता बघ, कशाला किती महत्त्व देतात ते तिथे लिहिलेलं असतं. बहुतेक ठिकाणी सगळ्यांत वर निघतं ते घेतलेले विषय किती कठीण आणि त्यात मार्क किती. क्लब वगैरे खाली. सी९मध्ये एसएटीचे आकडे असतात, पण चाचणी ऐच्छिक असलेल्या ठिकाणी ते फुगलेले असतात, कारण कमी गुणवाले पाठवतच नाहीत. एमआयटीने २०२२ला चाचणी पुन्हा सक्तीची केली, हार्वर्ड आणि कॅल्टेकने २०२४ला. कॅलिफोर्नियाची यूसी कॉलेजं तर ती बघतही नाहीत. म्हणजे ऑगस्टची एसएटी तुझ्या यादीतल्या काही ठिकाणांसाठीच आहे. तिच्यापायी केमिस्ट्रीची बी ग्रेड आणखी घसरू देऊ नकोस.

आता ती शाळेबाहेरच्या उपक्रमांची यादी. तू पाठवलेल्या गूगल डॉकमधले तास मी बेरजेला घेतले. आठवड्याला ४३. शाळेचे ३५, गृहपाठाचे रोज तीन धरले तरी २१. झाले ९९. आठवड्यात तास १६८. उरलेल्या ६९मध्ये आठ तासांप्रमाणे ५६ झोपेचे गेले, तर जेवण, आंघोळ, बस, व्हायोलिनचा रियाज, सगळ्याला मिळून दिवसाला दोन तासही नाहीत. म्हणजे एक तर यादी खोटी आहे, नाही तर तू झोपत नाहीस. यादी खोटी नाही हे मला माहीत आहे. अर्ज वाचणारे पण ही बेरीज करतात.

बघ, लेक्चर सुरू झालं. सॉरी.

कॉमन ॲपमध्ये, म्हणजे बऱ्याच कॉलेजांच्या त्या सामायिक अर्जात, उपक्रमांसाठी दहा ओळी असतात, पण दहा भरायलाच हव्यात असा नियम नाही. एमआयटी आपल्या अर्जात चारच मागते. कॉमन ॲपमध्ये प्रत्येक ओळीच्या वर्णनाला १५० अक्षरं, मोकळ्या जागा धरून, आणि सगळ्यांत महत्त्वाचं वर घालायचं. हॉस्पिटलमधली सेवा सोड, तुला डॉक्टर व्हायचं नाही. मॉडेल यूएन, ती लुटुपुटीची राष्ट्रसंघाची सभा, सोड. आणि ती नवी संस्था काढायचा बेत, नाव, लोगो, इन्स्टाग्रामचं पान आणि त्यावर तू संस्थापक, तो मला पटत नाही. बारावीच्या तोंडावर उगवलेल्या संस्था ते लोक ढिगाने बघतात. उन्हाळ्यात हजारो डॉलर घेऊन मोठ्या कॉलेजच्या आवारात तीन आठवडे ठेवणारे कार्यक्रमही तसेच. त्या कॉलेजात राहून आलं म्हणून ते कॉलेज घेत नाही. रटगर्स विद्यापीठातल्या गव्हर्नर्स स्कूल या उन्हाळी कार्यक्रमाची गोष्ट वेगळी होती, तिथे निवडून घेतात. नाही झाली निवड, नाही झाली.

रोबोटिक्स ठेव. स्पर्धेच्या जानेवारीतल्या किकऑफनंतर तुमचा रोबोट पहिले पंधरा सेकंद कुणाच्याही हाताशिवाय चालला तो कोड तुझा होता, आणि तू घरी येऊन फक्त "बरं झालं" म्हणालीस. व्हायोलिनही ठेव, पण यादीसाठी नको, तुला वाजवायला आवडतं म्हणून. आणि रविवारची मराठी शाळा, जी तू सगळ्यांत खाली एका ओळीत "स्वयंसेवक" म्हणून टाकली आहेस, ती वर आण. दुसरीत 'स्त्री' लिहिताना पेन्सिल मोडून बाईंना विचारलं होतंस, एवढी अक्षरं एकमेकांच्या अंगावर का चढलीत? बाई हसून हसून बेजार. त्याच मुलीने आता जोडाक्षरांचा खेळ कोड केला आणि तिन्ही वर्ग तो वापरतात. "मदत करते" असं लिहू नकोस. किती मुलं, काय बनवलंस, ते कोण वापरतं, एवढंच लिही. तू शिकवताना मुलं घड्याळाकडे बघत नाहीत, हे जोशीबाई मला सांगतात. तुला सांगत नाहीत.

अर्ली डिसिजनचं, म्हणजे एकाच कॉलेजला आधी अर्ज करून शब्द देऊन बसायचं, त्याला मी अजून हो म्हटलेलं नाही. त्यावर तुझी, आमची आणि कौन्सेलरची सही असते, आणि मिळालं की सहसा जावंच लागतं, दुसरीकडची मदतीची रक्कम बघायची सोय नाही. आधी बाबांबरोबर बसून त्या कॉलेजचा नेट प्राइस कॅल्क्युलेटर भर, मदत वजा जाता आपल्याला किती पडेल ते कळेल. येणारा आकडा आम्हाला झेपला तरच. आणि न्यू जर्सीतली रटगर्स, एनजेआयटी ही नावं कॉलेजांच्या यादीत हवीतच. एनजेआयटीच्या ऑनर्स कॉलेजचं पान एकदा वाच, मग नाक मुरड. तुला कुठे मिळेल न मिळेल याची मला खरंच एवढी धास्ती नाही. एप्रिलपर्यंत तू अशीच जागत राहिलीस तर तिथे पोचेल ते काय, याची आहे. हे शेवटचं, आता बोलणार नाही.

जूनमध्ये शाळा सुटायच्या आत शिफारसपत्रासाठी फिजिक्सच्या सरांना प्रत्यक्ष भेटून विचार, नुसती ईमेल नको. सप्टेंबरात त्यांच्याकडे रांग लागते. इंग्रजीच्या बाईंनाही विचार, दोघं वेगवेगळ्या विषयांचे हवेत. ऑगस्टच्या एसएटीचं नाव आजच नोंदव, जवळची केंद्रं भरली की बाबांना पेनसिल्व्हेनियापर्यंत गाडी हाकावी लागेल. आणि फ्रीजरमधल्या पुरणपोळ्या संपवा, मी येताना नव्या आणतेय.

आई