रोबोटच्या आत बघू देणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

रोबोटच्या आत काय चाललंय ते एआयला बघू देणारं, तुम्ही लिहून दिलेलं टूल आम्ही अख्खा खरीप वापरलं. फोनवर थँक्यू म्हणून झालं होतं, पण तेवढ्यानं समाधान होईना. परभणी, लातूर, नांदेडकडं शेतीच्या रोबोटवर डोकं घालणारी आणखीही पोरं असतील, त्यांनाही हे कळावं म्हणून पत्र सगळ्यांसमोर लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमचा रोबोट सोयाबीनच्या दोन ओळींमधून कोळपं ओढतो. ओळींत अंतर ४५ सेंटिमीटर, म्हणजे जरा इकडंतिकडं झालं की पीकच उपटून येतं. त्याच्या आत रॉस-२ चालतं, म्हणजे रोबोटचे वेगवेगळे भाग एकमेकांशी जोडणारं सॉफ्टवेअर. लायडार (लेझरनं आजूबाजूची अंतरं मोजणारा सेन्सर) वाचणारा एक नोड, म्हणजे छोटा प्रोग्राम, ओळ शोधणारा दुसरा, चाकं फिरवणारा तिसरा, असे बरेच नोड एकमेकांना सतत निरोप पाठवत असतात. रोबोट थांबला की कोणता निरोप कुठं अडला ते शोधायचं. आणि काळ्या रानात वाफसा कुणासाठी थांबत नाही. पुन्हा पाऊस आला की चिखल, उघडीप लांबली की जमीन कडक. त्या मधल्या दोन-चार दिवसांत कोळपणी उरकली नाही तर तण हाताबाहेर जातं.

पूर्वी आम्ही एआय एजंटला, म्हणजे टूल वापरून स्वतः तपास करणाऱ्या एआयला, कोड आणि लॉग (प्रोग्रामनं लिहिलेल्या नोंदी) द्यायचो. तो म्हणायचा केबल बघा, ड्रायव्हर पुन्हा टाका. बांधावर उभं राहून एकरी उतारा सांगावा, तसलं ते उत्तर. कोडमध्ये काय लिहिलंय ते त्याला दिसायचं, रोबोटमध्ये आत्ता काय चाललंय ते दिसत नव्हतं. अँथ्रॉपिकनं नोव्हेंबर २०२४ मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एआयला बाहेरची टूल जोडायची एक ठरलेली पद्धत, सगळ्यांसाठी खुला केला. त्यावर तुम्ही वाळूजची नोकरी सांभाळून, रात्री बसून छोटासा सर्व्हर लिहिलात. मग एजंट चालू रोबोटलाच विचारायला लागला की कोणते नोड जिवंत आहेत, कोण पाठवतंय, कोण ऐकतंय, सेकंदाला किती निरोप येतायत.

जिंतूरकडच्या रानातली ती दुपार तुम्हाला फोनवर अर्धीच सांगितली होती. रोबोट ओळीच्या तोंडाशी उभा. लायडार फिरतोय, स्क्रीनवर स्कॅनचे आकडे धो-धो येतायत आणि ओळ शोधणारा नोड मात्र गप्प. मित्राचे वडील दोनदा येऊन म्हणाले, "दिसतंय तर चालत का नाही?" आमचाही प्रश्न तोच होता. एजंटनं तुमच्या टूलमधून स्कॅनच्या टॉपिकची, म्हणजे ते निरोप ज्या वाटेनं जातात तिची, सविस्तर माहिती मागवली. पाठवणारा एक, ऐकणारा एक. पाठवणारा बेस्ट एफर्टवर (पोचलं तर पोचलं), ऐकणारा रिलायबलवर (प्रत्येक निरोप पोचलाच पाहिजे) अडून बसलेला. रॉस-२ मध्ये अशी जोडी जमतच नाही, एकही निरोप पोचत नाही. उलट असतं, म्हणजे पाठवणारा रिलायबल आणि ऐकणारा बेस्ट एफर्ट, तर चाललं असतं. स्क्रीनवर आकडे दिसत होते कारण तपासणीची कमांड पाठवणाऱ्याशी आपणहून जुळवून घेते. इशाऱ्याची ओळ लॉगमध्ये होती, पण शेकडो ओळींखाली गडप झालेली. ऐकणाऱ्या नोडच्या कोडमधली एक ओळ बदलली आणि कोळपं चालू झालं.

हे बेस्ट एफर्ट प्रकरण तुम्ही नंतर नीट उलगडून सांगितलंत, तेही मनात बसलं. एखादा स्कॅन हरवला तरी पुढचा लगेच येतो, जुना पुन्हा मागत बसण्यात अर्थ नाही. म्हणून सेन्सरचा ड्रायव्हर तसाच ठेवायचा आणि ऐकणाऱ्यानं जुळवून घ्यायचं.

पण ताई, सगळ्यात जास्त आभार तुम्ही जे टूलमध्ये घातलं नाहीत त्याबद्दल. चाकांना वेग देणारा टॉपिक त्यातून लिहिताच येत नाही, पॅरामीटर, म्हणजे नोडची सेटिंगही बदलता येत नाही. आम्ही हट्ट केला होता, एजंटलाच दुरुस्त करू द्या म्हणून. तुम्ही म्हणालात, पुढं कोळप्याची धारदार पास आहे आणि बाजूला माणसं उभी असतात. एजंटनं बघावं आणि सांगावं, हात माणसाचा लागू दे. थांबवायचं लाल बटण थेट मोटरच्या वीजपुरवठ्यावर बसवायलाही तुम्हीच लावलंत. त्याचा संबंध ना एजंटशी, ना रॉसशी. आता आम्हालाही हेच बरोबर वाटतं.

दुसरी गोष्ट, तुम्ही कच्च्या आकड्यांचा ढीग एजंटपुढं टाकला नाहीत. एका स्कॅनमध्येच शेकडो अंतरं. टूल त्यातलं सगळ्यात जवळचं अंतर, रिकामी वाचनं किती आणि निरोपावरची वेळ एवढंच देतं. त्या वेळेमुळंच रानात नेट नसताना रोबोटमधल्या रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरचं घड्याळ मागं पडतं हे उघड झालं. रोबोटची जागा अधूनमधून चुकायची, तिचं मूळ तिथं होतं.

तुमच्या सूचना आम्ही मराठीत उतरवून धाकट्या बॅचला दिल्यात. एक मागणं आहे: बॅटरीचा व्होल्टेज आणि मोटरचा करंटही टूलमध्ये घ्या, ओल्या रानात चाक रुतलं की तेच आधी बदलतात. येत्या खरिपात पहिल्या कोळपणीला वाफसा झाला की फोन करतो. काकूंनी ज्वारीची भाकरी आणि ठेच्याचं आत्ताच सांगून ठेवलंय. या.

आपले,
परभणीची रोबोटवाली पोरं